आईच्या नावाचा रकाना: परदेशी पालक, सरोगसी आणि नवजात बाळांची कागदपत्रे

कुर्डुवाडीच्या ग्रामीण रुग्णालयात जन्मलेले बाळ असो किंवा मुंबईच्या एखाद्या खासगी प्रसूतिगृहात जन्मलेले, त्याचा पहिला सरकारी कागद एकाच नमुन्याचा असतो. जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियम, १९६९ अन्वये रुग्णालयातील जन्माची माहिती तेथील प्रभारी वैद्यकीय अधिकाऱ्याने एकवीस दिवसांच्या आत निबंधकाकडे कळवायची असते. निबंधक हा गावात ग्रामपंचायतीचा, कुर्डुवाडीसारख्या शहरात नगरपरिषदेचा आणि मुंबईत महापालिकेच्या वॉर्डाचा असतो. या माहितीच्या नमुन्याचे दोन भाग आहेत. कायदेशीर भागात जन्मतारीख, लिंग, बाळाचे नाव, वडिलांचे नाव, आईचे नाव, जन्मस्थान आणि पत्ता लिहिला जातो. सांख्यिकी भागात आईचे शिक्षण, लग्नाच्या वेळचे तिचे वय, प्रसूतीच्या वेळचे तिचे वय, तिला आजवर झालेली जिवंत अपत्ये अशी माहिती विचारली जाते. जिने बाळाला जन्म दिला तीच त्याची आई, या गृहीतावर हे दोन्ही भाग रचलेले आहेत आणि त्या गृहीताबद्दल कोणाच्या मनात शंका येण्याचे कारणही दीर्घकाळ नव्हते. २००० नंतरच्या दशकात मुंबई, आणंद, दिल्ली, हैदराबाद येथील वंध्यत्व-उपचार केंद्रांत परदेशी जोडप्यांची बाळे भारतीय स्त्रियांच्या पोटी जन्माला येऊ लागली, तेव्हा हा साधा नमुना एकाएकी आंतरराष्ट्रीय वादाचा कागद ठरला. सरोगसी, म्हणजे दुसऱ्या जोडप्यासाठी गर्भ वाढवून जन्मानंतर बाळ त्यांच्या स्वाधीन करण्याची व्यवस्था, तिच्या वैद्यकीय बाजूवर आणि नैतिकतेवर पुष्कळ लिहिले गेले आहे. मात्र ती बाळे देशाबाहेर कशी गेली, कोणत्या कागदांच्या आधारे गेली आणि कोणत्या कागदावाचून अडकून पडली, हा इतिहास बहुतांशी कचेऱ्यांच्या फायलींतच राहिला. त्याचे मूळ सूत्र एकच आहे: भारतीय कागदांनी जन्मदात्रीचे नाव पुसले आणि परदेशी कायदा तेच नाव मागत राहिला.

हा पेच समजण्यासाठी महाराष्ट्रात नवजात बाळाची ओळख कागदावर कशी उमटत गेली, हे थोडक्यात पाहणे आवश्यक आहे. ब्रिटिश काळात गावोगावच्या जन्म-मृत्यूच्या नोंदी गाव नमुना क्रमांक १४ मध्ये, म्हणजे लोकांच्या तोंडी असलेल्या कोतवाल बुकात होत. कुणबी नोंदींच्या शोधात २०२३ साली ही जुनी पुस्तके मराठवाड्यात आणि सोलापूर जिल्ह्यात पुन्हा उघडली गेली, तेव्हा त्यांतील जीर्ण पाने अनेकांनी पहिल्यांदाच पाहिली. तेथील नोंद बहुधा बापाच्या नावाने होई: अमक्याला मुलगा झाला, अमक्याला मुलगी झाली, जात अमुक. बाळ कोणाचे हे ठरवायला बापाचे नाव आणि जात एवढे पुरेसे मानणाऱ्या समाजाचा तो दस्तऐवज होता. बाप सांगता न येणाऱ्या बाळाला त्यात जागा कशी मिळावी, या प्रश्नाला त्या नमुन्यात उत्तर नव्हते.

ते उत्तर शोधण्याचा एक ठळक प्रयत्न सोलापूर जिल्ह्यातच झाला. पुनर्विवाहाची मुभा नसलेल्या विधवांना राहिलेला गर्भ म्हणजे त्या काळी मरण किंवा हत्या, आणि पुष्कळदा दोन्ही. पुण्यात जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी १८६३ साली बालहत्या प्रतिबंधक गृह उघडले आणि तेथेच जन्मलेल्या एका ब्राह्मण विधवेच्या मुलाला पुढे दत्तक घेऊन त्याचे नाव यशवंत ठेवले. पंढरपूर हे तीर्थक्षेत्र असल्याने यात्रेच्या निमित्ताने घर सोडणे तेथे शक्य होते आणि टाकून दिलेल्या अर्भकांचा प्रश्न तिथे अधिकच तीव्र होता. १८७५ साली तेथे न्यायखात्यात असलेल्या लालशंकर उमियाशंकर यांच्या पुढाकाराने आणि प्रार्थना समाजाच्या आश्रयाने बालकाश्रम सुरू झाला. पुढे तो समाजाचे मुंबईतील कार्यकर्ते वासुदेव बाबाजी नवरंगे यांच्या नावाने ओळखला जाऊ लागला. त्या काळी मुंबई-सोलापूर लोहमार्गाने येणारा वाटसरू आजच्या कुर्डुवाडीला, म्हणजे तेव्हाच्या बार्शी रोड स्थानकावर उतरे आणि तेथून बैलगाडीने किंवा टांग्याने पंढरपूर गाठी. बार्शी लाइट रेल्वेची अरुंद रुळांची गाडी १८९७ मध्ये बार्शीपर्यंत आणि १९०६ मध्ये पंढरपूरपर्यंत धावू लागल्यावर हे स्थानक वारकऱ्यांचे जंक्शन झाले. गुप्तपणे प्रसूत व्हायला निघालेल्या स्त्रियांनीही याच वाटा वापरल्या असणार, पण तशा प्रवासाची नोंद कोणत्याही पुस्तकात होत नसते. बालकाश्रमासारख्या संस्थेने त्या स्त्रीला दिलेली सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे तिचे नाव विचारण्याचा आग्रह न धरणे. बाळाच्या कागदावर आईचा रकाना रिकामा राहिला, पण त्या रिकामेपणाने दोघांचेही प्राण वाचवले. पुढील दीडशे वर्षांच्या घडामोडी पाहताना हे ध्यानात ठेवावे लागते, कारण आईचे नाव लपवणे ही गोष्ट नेहमी एकाच हेतूने होत नाही.

स्वातंत्र्यानंतर अशा संस्थांतील बाळे परदेशी कुटुंबांत जाऊ लागली. ख्रिस्ती, मुस्लिम, पारशी आणि परदेशी नागरिकांसाठी दत्तकविधानाचा कायदा भारतात नव्हता. त्यामुळे परदेशी जोडपे १८९० च्या पालक व पाल्य अधिनियमाखाली न्यायालयाकडून केवळ पालकत्व मिळवी, बाळाला देशाबाहेर नेण्याची परवानगी घेई आणि खरे दत्तकविधान आपल्या देशात जाऊन पूर्ण करी. या व्यवहारातील गैरप्रकारांविषयी वकील लक्ष्मीकांत पांडे यांनी लिहिलेल्या पत्राची सर्वोच्च न्यायालयाने याचिका म्हणून दखल घेतली. ६ फेब्रुवारी १९८४ रोजी न्यायमूर्ती पी. एन. भगवती यांनी दिलेल्या निकालाने आंतरदेशीय दत्तकाची पूर्ण कागदी चौकट उभी केली. परदेशातील मान्यताप्राप्त संस्थेने त्या कुटुंबाचा गृह-अभ्यास अहवाल पाठवायचा, भारतातील मान्यताप्राप्त संस्थेने बाळाचा अहवाल तयार करायचा, जन्मदात्या आईला निर्णय बदलण्यासाठी मुदत द्यायची, न्यायालयाने तटस्थ छाननी संस्थेकडून प्रकरण तपासून घ्यायचे आणि बाळ गेल्यावरही त्याच्या प्रगतीचे अहवाल मागवायचे, अशी ती चौकट होती. १९९० मध्ये केंद्रीय दत्तक संसाधन संस्था, म्हणजे ‘कारा’, स्थापन झाली आणि २००३ मध्ये भारताने दत्तकविषयक हेग कराराला मान्यता दिली. या चौकटीतही गैरप्रकार झालेच. तरीही एक गोष्ट तिच्यात पक्की होती: बाळाच्या हस्तांतरावर न्यायाधीशाची सही असे, आणि परदेशी दूतावासापुढे भारतीय न्यायालयाचा आदेश ठेवता येई.

सरोगसीच्या बाळांच्या बाबतीत नेमकी हीच सही नव्हती.

मुंबईच्या केईएम रुग्णालयात ६ ऑगस्ट १९८६ रोजी डॉ. इंदिरा हिंदुजा यांच्या प्रयत्नांतून भारतातील पहिले वैज्ञानिकदृष्ट्या नोंदवले गेलेले टेस्ट ट्यूब बाळ जन्मले. कोलकात्यात डॉ. सुभाष मुखोपाध्याय यांनी १९७८ मध्येच हे साध्य केले होते, पण त्यांना मान्यता मिळाली ती मृत्यूनंतर, आणि ती उशिरा मिळालेली मान्यता भारतीय विज्ञानाच्या इतिहासातील एक वेदनादायी पान आहे. शरीराबाहेर गर्भ तयार करण्याचे तंत्र हाती आल्यावर तो गर्भ दुसऱ्या स्त्रीच्या गर्भाशयात वाढवणे ही पुढची पायरी होती. २००२ च्या सुमारास भारतात या सेवेचा बाजार उभा राहू लागला. तिला मनाई करणारा कायदा नव्हता, इंग्रजी जाणणारे डॉक्टर होते आणि अमेरिकेच्या तुलनेत खर्च फारच कमी होता. २००५ मध्ये भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने, म्हणजे आयसीएमआरने, मार्गदर्शक सूचना प्रसिद्ध केल्या. त्यांना कायद्याचे बळ नव्हते, पण व्यवहारात सर्व कागद त्यांच्याच आधाराने तयार होत. सरोगेट स्त्रीने रुग्णालयात आपल्या खऱ्या नावाने नोंद करावी, आपण सरोगेट आहोत हे स्पष्ट सांगावे आणि ज्यांच्यासाठी गर्भ वाढवत आहोत त्यांची नावे व पत्ता द्यावा, असे त्या सूचनांत म्हटले होते. जन्मदाखला मात्र जनुकीय आईबापांच्या नावाने निघावा, अशी त्यांची दिशा होती. आणखी एक महत्त्वाचे कलम होते: डीएनए चाचणीने नाते सिद्ध करता आले नाही, तर त्या बाळाला इच्छुक पालकांनी दत्तक घ्यावे.

या सूचनांतून मुंबईत जो कागदी प्रवास रूढ झाला तो पायरीपायरीने पाहण्याजोगा आहे. प्रसूतीनंतर केंद्राकडून रुग्णालयाला पत्र जाई, त्या पत्रानुसार जन्माचा अहवाल वॉर्ड ऑफिसला जाई आणि तेथून निघणाऱ्या दाखल्यावर वडील म्हणून परदेशी पुरुषाचे व आई म्हणून त्याच्या पत्नीचे नाव येई. सांख्यिकी भागाची मात्र पंचाईत होई. प्रसूतीच्या वेळचे आईचे वय आणि तिची आधीची अपत्ये हे रकाने कोणाच्या संदर्भात भरायचे, याचे उत्तर नमुन्यात नव्हते आणि सरोगेट असा शब्द तर त्यात कोठेही नव्हता. दुसऱ्या बाजूला मुद्रांक कागदावर सरोगेट स्त्रीचे प्रतिज्ञापत्र होई. बाळावर आपला व आपल्या नवऱ्याचा कोणताही हक्क नाही, ठरलेली रक्कम मिळाली आहे आणि बाळ परदेशी नेण्यास हरकत नाही, असा त्याचा मजकूर असे. तो इंग्रजीत टाइप केलेला असे आणि शेवटी, मजकूर आपल्या भाषेत वाचून दाखवला व तो समजला, असे लिहून खाली सही किंवा डाव्या हाताचा अंगठा उमटवला जाई. नोटरीचा शिक्का बसला की भारतीय बाजूने ती स्त्री या बाळाच्या इतिहासातून बाहेर पडे. जन्मदाखला परदेशात वापरण्यासाठी राज्य शासनाचे आणि नंतर परराष्ट्र मंत्रालयाचे साक्षांकन लागे. जुलै २००५ पासून भारत १९६१ च्या हेग करारात सामील झाल्याने अपोस्टिल नावाच्या एकाच शिक्क्यावर हे काम भागू लागले. जर्मनीने मात्र भारताच्या सहभागाला हरकत घेतली होती, त्यामुळे भारतीय अपोस्टिल तेथे चालत नसे आणि प्रत्येक दाखल्याची स्वतंत्र पडताळणी होई.

यापुढचा टप्पा दूतावासाचा. मुंबईत जन्मले म्हणून बाळ भारतीय होत नव्हते. नागरिकत्व अधिनियमातील दुरुस्तीमुळे ३ डिसेंबर २००४ नंतर जन्मलेल्या बाळाच्या आईबापांपैकी किमान एक भारतीय असणे आणि दुसरा बेकायदा स्थलांतरित नसणे आवश्यक झाले होते. दाखल्यावर दोघेही परदेशी असल्याने भारत त्याला पासपोर्ट देत नव्हता, म्हणून पासपोर्ट मिळणार तो त्यांच्या देशाकडूनच. अमेरिकी वाणिज्य दूतावास बाळाची आणि अमेरिकी पालकाची डीएनए चाचणी मागे. मान्यताप्राप्त प्रयोगशाळेची पेटी येई, गालाच्या आतून कापसाने नमुना घेतला जाई आणि निकाल जुळल्यावर परदेशातील जन्माचा अहवाल व पासपोर्ट मिळे. दात्री स्त्रीचे बीजांड आणि दुसऱ्याच कोणाचे शुक्राणू वापरलेले असतील तर मात्र दार बंद होई. पासपोर्टचे छायाचित्र काढताना दोन-तीन आठवड्यांच्या बाळाला पांढऱ्या चादरीवर निजवून, कोणाचाही हात चौकटीत दिसणार नाही अशा बेताने त्याचे डोके सरळ ठेवावे लागे. पासपोर्ट हाती आला तरी काम संपत नसे, कारण भारतात जन्मलेल्या परदेशी बाळाकडे व्हिसा नसतो आणि व्हिसावाचून विमानतळावरून बाहेर पडता येत नाही. त्यासाठी मुंबईत छत्रपती शिवाजी टर्मिनसजवळच्या परदेशी नागरिक नोंदणी कार्यालयातून, म्हणजे एफआरआरओकडून, निर्गमन परवाना घ्यावा लागे. केंद्राचे पत्र, सरोगसीचा करार, प्रतिज्ञापत्र, दाखला आणि दूतावासाचे पत्र यांची फाइल तेथे पुन्हा एकदा तपासली जाई.

ब्रिटनचा कायदा या सगळ्याकडे अगदी निराळ्या नजरेने पाहत होता. तेथे बाळाला जन्म देणारी स्त्री हीच कायद्याने आई आणि ती विवाहित असल्यास तिचा नवरा हाच बहुधा बाप मानला जाई, मग मुंबईच्या दाखल्यावर काहीही लिहिलेले असो. त्यामुळे विवाहित भारतीय सरोगेटच्या पोटी जन्मलेल्या बाळाला ब्रिटिश नागरिकत्व आपोआप मिळत नसे. गृहमंत्र्यांच्या विवेकाधिकारात त्याची नागरिक म्हणून नोंद करून घ्यावी लागे आणि नंतर २००८ च्या कायद्याखाली, जन्मापासून सहा महिन्यांच्या आत, न्यायालयाकडे पालकत्व-आदेशासाठी अर्ज करावा लागे. त्या आदेशासाठी जन्मदात्रीची संमती हवी आणि ती बाळ सहा आठवड्यांचे झाल्यानंतर दिलेलीच ग्राह्य, अशी अट होती. जिचे नाव मुंबईच्या दाखल्यातून वगळले होते, तिला सहा आठवड्यांनी शोधून काढून तिची सही पुन्हा घेण्याची वेळ या अटीमुळे येई. हैदराबादच्या एका केंद्रातून जुळी बाळे नेणाऱ्या दोन पुरुषांना ती स्त्री सापडलीच नाही. २०१२ मध्ये इंग्लंडच्या उच्च न्यायालयाने पुरेसा शोध घेतल्याची खात्री करून घेतल्यावरच तिच्या संमतीवाचून आदेश दिला. सहा आठवड्यांची ही अट वरकरणी जाचक वाटते, पण या साऱ्या कागदांच्या ढिगात बाळंतपण झालेल्या स्त्रीला विचार करायला वेळ देणारी बहुधा ती एकटीच होती.

ज्या देशांत सरोगसीला थेट मनाई होती, तेथील नागरिकांच्या बाळांची स्थिती सर्वांत बिकट झाली. दोन प्रकरणे गुजरातेत घडली आणि त्यांनी सबंध देशाच्या कार्यपद्धतीवर परिणाम केला. जर्मन पित्याची जुळी बाळे ४ जानेवारी २००८ रोजी आणंदला जन्मली. जर्मनी सरोगसी मानत नसल्याने त्यांना जर्मन पासपोर्ट मिळेना. दाखल्यावर आईचे नाव बदलून सरोगेट स्त्रीचे लिहिले गेले आणि जान बलाज विरुद्ध आणंद नगरपालिका या खटल्यात नोव्हेंबर २००९ मध्ये गुजरात उच्च न्यायालयाने जन्म देणारी स्त्री भारतीय असल्याने बाळे भारतीय ठरतात, असा निर्णय दिला. केंद्र सरकार त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेले. अखेर आंतरदेशीय दत्तकाचा मार्ग काढून २०१० मध्ये ती बाळे भारताबाहेर गेली. दोन वर्षांत त्या दोघांना कागदोपत्री एक जर्मन आई, एक भारतीय आई आणि मग दत्तक आई अशा तीन अवस्थांतून जावे लागले. दुसरे प्रकरण बेबी मंजीचे. जुलै २००८ मध्ये तिच्या जन्माआधीच तिच्यासाठी करार करणाऱ्या जपानी जोडप्याचा घटस्फोट झाला होता. बीजांड अनोळखी दात्रीचे, पत्नीने अंग काढून घेतलेले, सरोगेट स्त्री करारातून मोकळी झालेली, त्यामुळे आई म्हणून लिहिता येईल असे एकही नाव उरले नव्हते. तिच्यासाठी भारतात आलेल्या आजीने सर्वोच्च न्यायालयाचे दार ठोठावले. नगरपालिकेने केवळ वडिलांच्या नावाचा दाखला दिला, जयपूरच्या पासपोर्ट कार्यालयाने पासपोर्टऐवजी ओळख-प्रमाणपत्र दिले आणि मानवतेच्या आधारावर जपानने व्हिसा दिल्यावर नोव्हेंबर २००८ मध्ये ती आजीबरोबर गेली.

मुंबईत जन्मलेल्या बाळांचे खटलेही जगभर गाजले. २०१० मध्ये एका इस्रायली पुरुषाची मुंबईत जन्मलेली जुळी बाळे जेरुसलेमच्या कौटुंबिक न्यायालयाने डीएनए चाचणीचा आदेश देण्यास नकार दिल्याने अडकली आणि वरच्या न्यायालयाने तो निर्णय फिरवेपर्यंत त्यांच्या पित्याला मुंबईत राहावे लागले. एका नॉर्वेजियन स्त्रीची जुळी बाळे, त्यांच्याशी तिचे जनुकीय नाते नसल्याचे चाचणीत आढळल्यामुळे, २०११ पर्यंत भारतात राहिली. स्पेनने ऑक्टोबर २०१० च्या आदेशाने परदेशातील सरोगसीची बाळे नोंदवण्यासाठी जन्मदेशाच्या न्यायालयाचा निर्णय आवश्यक ठरवला. कॅलिफोर्नियात तसा निर्णय मिळे, मुंबईत मात्र वॉर्ड ऑफिसच्या दाखल्यापलीकडे दाखवण्यासारखे काहीच नव्हते. दोन फ्रेंच पुरुषांची बाळे २००९ आणि २०१० मध्ये मुंबईत जन्मली होती. जैविक पितृत्व निर्विवाद असूनही, व्यवहार मुळातच कायद्याला बगल देणारा होता असे म्हणून फ्रान्सच्या सर्वोच्च अपील न्यायालयाने सप्टेंबर २०१३ मध्ये त्यांची नोंद नाकारली. युरोपीय मानवाधिकार न्यायालयाने २१ जुलै २०१६ रोजी फ्रान्सला दोषी ठरवले, तेव्हा त्या मुलांचे शाळेचे वय सुरू झाले होते. अशा अडचणी वाढत चालल्याचे पाहून २०१० च्या मध्यावरच आठ युरोपीय देशांच्या मुंबईतील वाणिज्य दूतावासांनी शहरातील वंध्यत्व-केंद्रांच्या डॉक्टरांना पत्रे लिहिली होती. आपल्या नागरिकांना सरोगसीची सेवा देण्यापूर्वी त्यांना दूतावासाशी संपर्क साधायला सांगावे, अशी त्यांत विनंती होती. बाळ जन्मण्याआधीच हा प्रश्न विचारला जावा, ही मागणी अगदी रास्त होती, पण ती मान्य करण्याचे बंधन कोणावरही नव्हते.

मराठी समाजाने हा विषय कायद्याच्या पुस्तकांआधी पडद्यावर पाहिला. व्यवसायाने वकील असलेल्या समृद्धी पोरे यांच्या ‘मला आई व्हायचंय!’ या चित्रपटाला २०१० च्या वर्षासाठी सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. अमेरिकी स्त्रीसाठी गर्भ वाढवणारी मराठी बाई आणि तिच्याकडेच राहिलेले गोरे मूल हे त्याचे कथानक होते. पुढे तेलुगूत आणि २०२१ मध्ये हिंदीत ‘मिमी’ या नावाने ते पुन्हा आले. ज्या स्त्रीच्या नावाला दाखल्यात रकाना नव्हता तिला कथेच्या मध्यभागी ठेवण्याचे काम मराठी चित्रपटाने केले, याचे श्रेय त्याला मोकळ्या मनाने दिले पाहिजे.

शासनाचा पहिला परिणामकारक उपाय गृह मंत्रालयाच्या ९ जुलै २०१२ च्या परिपत्रकातून आला. सरोगसीसाठी पर्यटक व्हिसावर येणे बंद झाले आणि वैद्यकीय व्हिसा सक्तीचा झाला. किमान दोन वर्षे विवाहित असलेले स्त्री-पुरुष जोडपेच पात्र ठरले. आपला देश सरोगसी मानतो आणि जन्मणाऱ्या बाळाला जैविक अपत्य म्हणून प्रवेश देईल, असे त्या देशाच्या दूतावासाचे पत्र आधीच जोडणे आवश्यक झाले. जाताना एफआरआरओपुढे जन्मदाखला आणि सरोगेट स्त्रीचे सर्व देणे चुकते केल्याचे केंद्राचे प्रमाणपत्र दाखवावे लागे. दूतावासांनी दोन वर्षांपूर्वी मागितलेली गोष्ट आता व्हिसाच्या खिडकीवरच तपासली जाऊ लागली. मात्र अविवाहित आणि समलिंगी पालक यांना वगळल्याने तो ओघ थायलंड आणि नेपाळकडे वळला. नेपाळमध्ये परदेशी जोडप्यांसाठी गर्भ वाढवणाऱ्या अनेक स्त्रिया भारतातून नेलेल्या होत्या. २५ एप्रिल २०१५ च्या भूकंपानंतर इस्रायलने आपल्या नागरिकांची नवजात बाळे विमानाने हलवली, तेव्हा त्या स्त्रियांच्या स्थितीकडे जगाचे लक्ष गेले. त्याच वर्षी ज्येष्ठ वकील जयश्री वाड यांच्या जनहित याचिकेवर सर्वोच्च न्यायालयापुढे केंद्राने व्यावसायिक सरोगसीला पाठिंबा नसल्याची भूमिका मांडली आणि नोव्हेंबर २०१५ मध्ये परदेशी नागरिकांना भारतात सरोगसी करण्यास बंदी झाली. बंदीत भारतीय वंशाचे परदेशी नागरिकही आले, त्यामुळे अमेरिकी पासपोर्ट असलेल्या मराठी जोडप्यालाही पुण्या-मुंबईत येऊन हा मार्ग घेता येईना.

सरोगसी (विनियमन) अधिनियम, २०२१ हा २५ जानेवारी २०२२ पासून अमलात आला. मोबदला घेऊन केलेली सरोगसी गुन्हा ठरली, केवळ वैद्यकीय खर्च आणि विमा देऊन केलेली परोपकारी सरोगसी उरली आणि भारतीय वंशाच्या परदेशस्थ जोडप्यांना राष्ट्रीय मंडळाच्या शिफारसपत्रावर पुन्हा वाट मिळाली. कागदांच्या दृष्टीने सर्वांत मोठा बदल वेगळाच आहे. आता कुर्डुवाडीच्या एखाद्या जोडप्याला जिल्हा वैद्यकीय मंडळाचे प्रमाणपत्र तर लागतेच, शिवाय त्यांनी आणि सरोगेट स्त्रीने मिळून प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्याकडे, म्हणजे माढ्यासारख्या तालुक्याच्या न्यायालयातही जाता येईल अशा पातळीवर, बाळाच्या पालकत्वाचा व ताब्याचा आदेश आधीच मिळवायचा असतो आणि जन्मानंतर तोच आदेश जन्माचे प्रतिज्ञापत्र म्हणून वापरला जातो. १९८४ च्या निकालाने दत्तकाच्या बाळाला दिलेली न्यायाधीशाची सही सरोगसीच्या बाळाला मिळायला अशी अडतीस वर्षे लागली. २०२३ मध्ये जन्म-मृत्यू नोंदणीचा कायदाही दुरुस्त झाला आणि दत्तक, अनाथ, सोडून दिलेली, संस्थेच्या स्वाधीन केलेली, सरोगसीतून जन्मलेली तसेच एकल पालकांची किंवा अविवाहित मातेची बालके यांच्या नोंदणीची तरतूद त्यात एकत्रच आली. त्यापाठोपाठ १ मे २०२४ पासून जन्मलेल्या बाळाच्या नावात, त्याच्या स्वतःच्या नावानंतर आईचे आणि मग वडिलांचे नाव लिहिणे महाराष्ट्र शासनाने शासकीय कागदपत्रांसाठी सक्तीचे केले. सरोगसीच्या बाळाच्या बाबतीत तेथे इच्छुक आईचे नाव येते, कारण अधिनियमाने बाळाला त्या जोडप्याचेच जैविक अपत्य मानले आहे. जन्मदात्रीचे नाव न्यायालयाच्या फायलीत राहते. ते निदान कोठेतरी राहते, ही सुधारणा क्षुल्लक मानता येणार नाही.

देशातील अटी कडक झाल्यावर सधन भारतीय जोडपी आता स्वतःच परदेशी जाऊ लागली आहेत आणि जुन्या प्रश्नाची दिशा उलटली आहे. जॉर्जियासारख्या देशात जन्मदाखल्यावर थेट इच्छुक पालकांची नावे येतात. पण ते बाळ घरी आणायचे तर नागरिकत्व अधिनियमाच्या कलम ४ नुसार त्याचा जन्म एक वर्षाच्या आत तेथील भारतीय वकिलातीत नोंदवावा लागतो आणि त्याच्याकडे दुसऱ्या देशाचा पासपोर्ट नाही, असे आईवडिलांना लिहून द्यावे लागते. वर्ष उलटल्यास केंद्र सरकारची परवानगी लागते. परदेशात मोबदला देऊन केलेल्या सरोगसीतून जन्मलेल्या बाळाच्या नोंदीविषयी २०२१ च्या अधिनियमात स्वतंत्र तरतूद नाही. मुंबईत जन्मलेल्या जुळ्यांचा दाखला घेऊन युरोपीय पिता ज्या प्रश्नाला तोंड देत होता, तोच प्रश्न आता सोलापूर किंवा पुण्याच्या जोडप्याला आपल्याच देशाच्या वकिलातीच्या खिडकीवर विचारला जाऊ शकतो, आणि तेथे दाखल्यावर नाव नसलेली स्त्री जॉर्जियाची असेल.